पावसात चालल्याने डोक्यात पाणी साचत नाही

गेले अकरा दिवस माझी आई चालायला गेलेली नाही. तिचे वय 68 आहे आणि रोज सकाळी पाऊण तास चालण्याचा तिचा नेम मोठ्या आजारपणाखेरीज कधी मोडलेला मला आठवत नाही. आता तिचे बूट दाराशी कोरडे पडून आहेत, आणि परवा खुर्चीतून उठताना तिने माझ्या हाताचा आधार मागितला, जो तिने यापूर्वी कधी मागितला नव्हता. तिला ताप नाही, गुडघ्याचे दुखणे नाही. तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी तिला व्हॉट्सॲपवर एकच संदेश पाठवला, एवढेच घडले आहे. ‘बदलत्या हवेत चालणे म्हणजे आजाराला आमंत्रण’ असा त्याचा मथळा आहे आणि त्यात सहा मुद्दे आहेत: पावसाचे पाणी टाळूतून आत मुरून सायनसमध्ये साचते, गार वाऱ्याने सर्दी आणि न्यूमोनिया होतो, ढगाळ हवेत ऊन नसल्याने मुलांना बाहेर नेऊन उपयोग नाही, दहा हजार पावले होणार नसतील तर चालणे व्यर्थ आहे, उन्हाळ्यात चालणे जिवावर बेतते, आणि घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी फायदा तेवढाच होतो. संदेशाखाली ‘डॉक्टरांचा सल्ला’ असे लिहिलेले आहे, डॉक्टरांचे नाव मात्र कुठेही नाही.

पहिल्या मुद्द्याने आईला सर्वांत जास्त घाबरवले, आणि सगळ्यांत निराधारही तोच आहे. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या हाडांमधल्या पोकळ्या. त्या अरुंद वाटांनी नाकात उघडतात आणि त्यांच्यातला स्राव नाकाच्याच बाजूला वाहून जातो. टाळूकडून त्यांच्यापर्यंत येणारी वाटच शरीरात नाही. मध्ये तेलकट त्वचा आहे, तिच्याखाली ऊतींचे थर आहेत आणि त्याखाली कवटीचे हाड आहे. पाणी एवढे सगळे भेदून आत मुरत असते, तर रोज डोक्यावरून अंघोळ करणाऱ्या आणि तासन्‌तास पोहणाऱ्या माणसांची काय अवस्था झाली असती, याचा विचार हा संदेश पुढे ढकलणाऱ्या एकानेही केला नाही. पावसाच्या पाण्यात असे वेगळे काय आहे की अंघोळीचे पाणी केसांवरून ओघळून जाते आणि पावसाचे मात्र हाडातून आत शिरते?

सर्दीचा मुद्दा अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या खरा मानला गेला आहे. सर्दी विषाणूंमुळे होते. त्यांतल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरस या विषाणूचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत. हे विषाणू बाधित माणसाच्या श्वासातून, शिंकेतून आणि हातांवरून दुसऱ्याकडे जातात, आणि त्यासाठी बंद, कोंदट खोली उघड्या रस्त्यापेक्षा कितीतरी सोयीची असते. गारठ्याचा यात किती वाटा आहे, हे इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळच्या सर्दी संशोधन केंद्रात प्रत्यक्ष माणसांवर तपासले गेले. 1946 पासून चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या या केंद्रात ख्रिस्तोफर अँड्र्यूज यांनी स्वयंसेवकांचे गट पाडले. काहींच्या नाकात विषाणू सोडला, काहींना फक्त गारठवले आणि काहींच्या बाबतीत दोन्ही केले. गारठवणेही नावापुरते नव्हते. गरम पाण्याने अंघोळ घालून, अंग न पुसता, ओल्या पोहण्याच्या कपड्यांतच त्यांना वाऱ्याच्या झोतात उभे केले आणि नंतर काही तास ओले मोजे घालून ठेवले. एका खेपेला तर त्यांना पावसात चालायला लावून नंतर अंग पुसण्याचीही मुभा दिली नाही. नुसत्या गारठ्याने कोणालाही सर्दी झाली नाही. विषाणू आणि गारठा एकत्र असताना पहिल्यांदा फरक दिसल्यासारखा वाटला, पण प्रयोग पुन्हा केल्यावर तो टिकला नाही. आईच्या सकाळच्या फेरफटक्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी कठोर होती.

तरीही गारठ्याने सर्दी होते या समजातला अर्धा भाग मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. 2005 मध्ये ब्रिटनमधील कार्डिफ येथे एका प्रयोगात 90 जणांनी 20 मिनिटे गार पाण्यात पाय ठेवले आणि 90 जणांनी ठेवले नाहीत. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातील 13 जणांनी सर्दी झाल्याचे सांगितले, दुसऱ्या गटातील 5 जणांनी. विषाणूची तपासणी त्यात झाली नव्हती; लोकांनी जे सांगितले तेच नोंदवले गेले. पाय गार पडल्याने नाकातला रक्तपुरवठा कमी होतो आणि आधीच शिरलेल्या विषाणूला जोर चढतो, असा संशोधकांचा तर्क होता. तो बरोबर आहे असे धरले, तरी त्यातून घरी परतल्यावर ओले मोजे लगेच बदलावेत, एवढेच निघते. दार बंद करून बसावे, हे निघत नाही. वयस्कर माणसाने ओल्या कपड्यांत फार वेळ वाऱ्यात राहू नये, हेही खरे आहे, कारण पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा फार वेगाने ओढून घेते. त्यावर उपाय साधा आहे: वरून पाणी न शिरणारे जाकीट, आत सुती कपड्याऐवजी लोकरीचा किंवा लवकर वाळणारा थर, आणि निसरड्या वाटेवर पकड असलेले बूट.

मुलांना ढगाळ हवेत बाहेर नेऊ नये, या सल्ल्याचा मला खरोखर संताप येतो. घरातल्या दिव्यांचा प्रकाश साधारण 100 ते 500 लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) असतो. आभाळ भरून आले असतानाही बाहेर तो बहुधा हजाराच्या पुढे असतो आणि कित्येकदा दहा हजारांपर्यंत जातो. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण डोळा स्वतःला प्रकाशाशी जुळवून घेतो. वाढत्या वयाच्या डोळ्याला मात्र या प्रकाशाची गरज असते. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांच्या काही शाळांनी रोज 40 मिनिटे बाहेरच्या उपक्रमांसाठी वाढवून दिली आणि इतर शाळांनी दिली नाहीत. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील 30.4 टक्के मुलांना लांबचे कमी दिसू लागले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण 39.5 टक्के होते. या संदेशामुळे किती घरांत मुलांना खिडकीआड बसवून हाती मोबाइल दिला गेला असेल, याची मला काळजी वाटते.

दहा हजार पावलांचा आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून पसरला. ‘मानपो-केई’ याचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सरासरी 72 वर्षे वयाच्या सुमारे 16,700 स्त्रियांच्या अभ्यासात रोज साधारण 4,400 पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 41 टक्क्यांनी कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसला नाही.

उन्हाचा धोका खरा आहे. हवेत दमटपणा खूप असला की घाम वाळत नाही आणि शरीराला थंड होण्याचा मार्ग उरत नाही. अशा वेळी पहाटे निघावे, सावली धरून चालावे, डोके गरगरू लागले तर थांबावे. मात्र रिमझिम पावसाची एवढी धास्ती घालणाऱ्या या संदेशात विजेबद्दल एक शब्दही नाही, हे मला अक्षम्य वाटते. गडगडाट कानावर आला की पक्क्या इमारतीत शिरावे, झाडाखाली उभे राहू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. जिवाशी गाठ असलेला हा एकच सल्ला आईला कोणीही पाठवला नाही.

राहिल्या घरातल्या फेऱ्या. पावले भरतात, हे मान्य आहे, आणि वादळात तेवढेच करावे. पण सपाट फरशीवर पायाला चढ-उतार मिळत नाही, अंगावर वारा येत नाही, आणि दहाव्या फेरीला भिंत तीच असते. रिमझिम पावसात झाडाखालून जाताना छत्रीवरचा आवाज बदलतो. बारीक तडतड थांबते आणि पानांवरून निसटलेले जड थेंब एकेक करून आदळू लागतात. कोरड्या जमिनीवर पहिली सर पडली की मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेले, मातीला वास देणारे जिओस्मिन हे द्रव्य हवेत मिसळते, आणि माणसाचे नाक ते अत्यंत अल्प प्रमाणातही ओळखते. आई ज्यासाठी इतकी वर्षे घराबाहेर पडत आली, त्यात हेही होते. धुक्याच्या दिवशी ती अर्ध्या वाटेवर नुसती उभी राहायची, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

काल हे सगळे मी तिला वाचून दाखवले. पाय ओले झाले तर काय करायचे, एवढे एकच तिने विचारले. कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीत घेऊन उद्या सकाळी आम्ही दोघे निघणार आहोत.