आजीशी कसा बोलतो, ते आधी सांगा

सातपूरच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. मुलगे उशिराच बोलतात, पाच वर्षं थांबा. घरात गावची बोली बंद करा, नाहीतर मूल गोंधळतं. तोतरं बोलणाऱ्याला दर वेळी टोका, सवय मोडते. मी पहिलीला शिकवते. वाचून गप्प बसवेना.

बोलीचं आधी, कारण त्यात माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांची फरफट होते. कळवण-सटाण्याकडच्या घरांत अहिराणी चालते. तिच्यात 'ळ'च्या जागी 'य' येतो, म्हणून पोरगी चित्रावर बोट ठेवून 'केयी' म्हणते. तिच्या घरी हाच उच्चार बरोबर आहे. तो दोष कसला? दोन भाषा कानावर पडल्याने वाचादोष होत नाही. भाषेची खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते: मूल आजीशी अहिराणीतही दोन शब्दांपुढे जात नाही, साधी गोष्ट सांगितली तरी त्याला उमगत नाही. म्हणून पालकांना माझा पहिला प्रश्न आजीबद्दलच असतो. आणि बोली बंद केली तर दिवसभर त्याच्याशी बोलणारी आजीच मुकी होते, त्याचं काय?

मुली थोड्या आधी बोलतात हे खरं, पण हा फरक महिन्यांचा असतो, वर्षांचा नाही. दोन वर्षांच्या मुलाने 'पाणी दे', 'आई ये' असे शब्द जोडायला हवेत. जोडत नसेल तर आधी कान तपासून घ्या. कुकरच्या शिट्टीला वळून बघतो म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही. पडद्यामागे पाणी साचलेल्या कानाला मोठा आवाज कळतो, हळू बोललेलं निसटतं. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं, तपासणी मोफत असते. पथक आलं की बोलण्याची शंका आपणहून सांगा.

टोकण्याचा सल्ला तर मुलावर अन्यायच आहे. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, अनेकदा घराण्यातही असतो. तो लाडाने येत नाही, टोकून जात नाही. टोकलं की मूल अडणारा शब्दच टाळायला लागतं. माझ्या वर्गातला एक जण 'हजर' म्हणताना 'ह'वर अडायचा, मुठीत पेन्सिल आवळून. मग त्याने नुसता हात वर करायला सुरुवात केली. एकदा त्याला शेजारच्या मुलाबरोबर एका सुरात म्हणायला लावलं, तेव्हा तो अडला नाही.

आता मी हजेरी जोडीजोडीने घेते. सगळ्यांचीच.