काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर : टीबीच्या गोळ्या, छातीचं ऑपरेशन आणि 9 मिलिमीटरचा ठिपका

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. लगेच लिहायला बसले नाही, कारण त्यात तुमच्या मोठ्या भावाचं होतं आणि अशा गोष्टीला घाईघाईत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी फुफ्फुसातल्या गाठीच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं होतं, की आता दुर्बिणीनं होते, छिद्रं छोटी असतात, पेशंट लवकर घरी जातो. त्यावर काका म्हणतात की ही सरळसरळ मोठ्या हॉस्पिटलांची जाहिरात आहे, छातीच्या कॅन्सरला सुई नाहीतर चाकू लागला की तो पसरतोच, आणि 2008 मध्ये त्यांच्या भावाला, ज्यानं आयुष्यात बिडी ओढली नव्हती, सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊ घातल्या, मग छाती उघडली, तशीच शिवली आणि दोन महिन्यांत माणूस गेला, ह्यावर तुम्ही एक ओळही लिहिली नाही. आणि सगळ्यात शेवटी, आता त्यांच्या स्वतःच्याच सीटीत 9 मिलिमीटरचा ठिपका निघाला तर डॉक्टर म्हणून राहिले तीन महिने थांबा, म्हणजे ना गोळी ना ऑपरेशन, नुसती फी.

काका, टीबीचं तुम्ही जे लिहिलं ते शंभर टक्के बरोबर आहे, आणि ते मी लिहायलाच पाहिजे होतं. मी सर्जन नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, चौदा वर्षं झाली छातीच्या पेशंटला ऑपरेशनच्या आधी आणि नंतर श्वास घ्यायला शिकवते. पहिल्या दिवशी आधीची फाईल बघताना घरचे लोक "पहिले टीबीचा कोर्स झाला मॅडम" असं सांगतात, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकलं तरी पोटात गलबलतं. खोकला, वजन उतरणं, बेडक्यात रक्त, एक्सरेत डाग, हे दोन्ही आजारांत सारखंच दिसतं आणि आपल्याकडं टीबी इतका आहे की डॉक्टरच्या डोक्यात पहिले तोच येणार, त्यात त्याची चूक मी मानत नाही. चूक होते ती पुढं. बेडक्यात जंतू सापडले नाहीत तरी गोळ्या सुरू, दोन महिने झाले, वजन अजून उतरून राहिलं, एक्सरे तसाच, आणि तरी कोणी म्हणत नाही की थांबा, परत बघू. आता सीबीनॅट, ट्रूनॅट सारख्या मशीनवर बेडका लावला तर काही तासांत टीबीचा जंतू आहे का आणि मुख्य औषध त्याच्यावर चालेल का ते कळते, सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. ती निगेटिव्ह आली आणि डाग हटत नसला तर सीटी, आणि सीटीत गाठ दिसली तर तुकडा काढून तपासणं. तुमच्या भावाचे जे सहा महिने गेले ते गोळ्या सुरू होणं आणि तुकडा तपासणं ह्यांच्या मधे गेले. ते कोणी परत देऊ शकत नाही.

पण काका, सुईनं पसरतो हे मात्र मला मान्य नाही, आणि तुम्हाला दुखवायचं नाही तरी सांगते, कारण तुमची प्रतिक्रिया वाचून कोणीतरी उद्याची बायॉप्सी, म्हणजे सुईनं तुकडा काढायची तपासणी, रद्द करेल ह्याची मला खरंच भीती वाटते. ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. 2003 मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या पेशंटना विचारलं तर 38 टक्के लोक म्हणाले की ऑपरेशनमध्ये गाठीला हवा लागली की कॅन्सर पसरतो. असं का वाटतं तेही मला समजते. पूर्वी आत नेमकं काय आहे ते छाती उघडल्याशिवाय कळतच नव्हतं. उघडल्यावर दिसायचं की गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली, नाहीतर फुफ्फुसाच्या आवरणावर कॅन्सरचे दाणे आले, मग सर्जन काही न काढता बंद करायचा आणि पेशंट थोड्याच दिवसांत जायचा. घरच्यांना काय दिसणार? चाकू लागला आणि माणूस गेला. खरं म्हणजे आजार आधीच पसरलेला होता, चाकूनं तो फक्त दिसला. सुईच्या वाटेवर पेशी सांडून तिथं गाठ होणं डॉक्टरांनी पाहिलं आहे, पण ते फार क्वचित, आणि त्या भीतीनं तपासणीच न करणं त्याच्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

आता उघडायच्या आधीच बरंच कळते, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली खरी कमाई ही आहे, छिद्र किती छोटं ते नंतर. पेट स्कॅन होते, त्यात कॅन्सरसारख्या जोरात काम करणाऱ्या पेशी चमकून दिसतात. पण आपल्या भागात जुन्या टीबीच्या गाठीही पेटमध्ये चमकतात, त्यामुळं नुसतं चमकलं म्हणून कॅन्सर पसरला असं कोणी म्हटलं तर लगेच मान्य करू नका, तिथला तुकडा तपासला का ते विचारा. त्यासाठी ईबस नावाची दुर्बीण आहे, तोंडातून श्वासनलिकेत जाते, टोकाला छोटी सोनोग्राफी असते, नळीच्या भिंतीपलीकडची गाठ स्क्रीनवर बघत बघत सुईनं नमुना घेतात, बाहेरून एक टाका नाही आणि बहुतेक लोक त्याच दिवशी घरी जातात. छातीच्या मधल्या लिम्फच्या गाठींमध्ये (लिम्फ नोडमध्ये) कॅन्सर पोचलेला निघाला तर पहिले किमो, कोणाला किमोसोबत रेडिएशन, आणि मग ऑपरेशन करायचं की नाहीच करायचं ते ठरते. हे तुमच्या भावाच्या वेळी झालं असतं तर कदाचित ती छाती उघडलीच नसती, शेवटचे दोन महिने टाक्यांच्या दुखण्यात गेले नसते.

जाहिरातीबद्दल. मी कोणत्या हॉस्पिटलचं नाव घेतलं नव्हतं आणि घेणार नाही. पण छोट्या छिद्राचा फायदा मी रोज वॉर्डात हातानं बघते. जुन्या पद्धतीत पाठीपासून पुढपर्यंत मोठा काप, बरगड्या फाकवायचं लोखंडी यंत्र, प्रत्येक बरगडीखालून नस जाते ती दबते, आणि मग पेशंटला मी म्हणते काका जोरानं खोका, तर तो माझ्याकडं असा बघतो की मलाच रडू येते. खोकला नाही तर कफ साचते, कफ साचला तर न्युमोनिया. दुर्बिणीवाला पेशंट दुसऱ्या दिवशी छातीतून निघालेली नळी आणि तिची बाटली हातात घेऊन वॉर्डात चकरा मारते. ब्रिटनमध्ये नऊ हॉस्पिटलांत 503 पेशंटवर दोन्ही पद्धती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून तपासल्या, 2022 मध्ये निकाल आला, दुर्बिणीवाल्यांना दुखणं कमी, पाच आठवड्यांनी हिंडणंफिरणं जास्त चांगलं, आणि कॅन्सर काढण्यात काही कमी नाही. रोबोचं, म्हणजे सर्जन मशीनचे हात चालवून ऑपरेशन करतो त्याचं, मात्र जाहिरात हे तुमचं म्हणणं मी अर्धं मान्य करते. सर्जनला हात वळवायला सोपं जाते हे खरं, पण साध्या दुर्बिणीपेक्षा पेशंट जास्त जगतो असं काही सिद्ध झालेलं नाही, आणि घर गहाण ठेवून कोणी रोबोच्या मागं लागू नये. दुर्बिणीच्या ऑपरेशनात फुफ्फुस कापून बंद करायचे स्टेपलरही महाग पडतात, तो खर्च मी मागच्या लेखात लिहिला नाही, लिहायला हवा होता. ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या काउंटरवर ॲडमिट व्हायच्या आधी जा, नंतर नाही.

आणि "एक फुफ्फुस गेलं की माणूस संपला" असं तुम्ही लिहिलं. 1933 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस गावात एव्हार्ट्स ग्रॅहम नावाच्या सर्जननं कॅन्सरसाठी एका डॉक्टरचंच अख्खं डावं फुफ्फुस काढलं, तो पेशंट त्यानंतर जवळपास तीस वर्षं जगला. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढायचे, पुढं 1950 मध्ये सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक त्यांच्याच नावावर आला, सिगारेट सोडली, तरी 1957 मध्ये त्याच कॅन्सरनं गेले, पेशंटच्या आधी. आता तर अख्खं फुफ्फुस काढायची वेळच कमी येते. उजवीकडं तीन भाग, डावीकडं दोन, त्या प्रत्येकाचे आणखी छोटे तुकडे. जपानमध्ये 1106 पेशंट घेतले, कडेला असलेली 2 सेंटिमीटरपर्यंतची गाठ, अर्ध्यांचा पूर्ण भाग काढला, अर्ध्यांचा फक्त छोटा तुकडा, आणि पाच वर्षांनी छोटा तुकडा काढलेले 94.3 टक्के जिवंत, पूर्ण भाग काढलेले 91.1 टक्के. ज्या माणसाचं फुफ्फुस आधीच चुलीच्या धुरानं नाहीतर जुन्या टीबीनं अर्धं झालेलं आहे त्याच्यासाठी हा वाचलेला तुकडा म्हणजे जिना चढता येणं.

औषधाचंही सांगते, कारण तुमचे भाऊ बिडी न ओढणारे होते. अशा लोकांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडायची शक्यता जास्त, आणि आपल्याकडं तो पाश्चात्य देशांपेक्षा जास्त लोकांत सापडते. त्यावर रोजची गोळी आहे, आजार पसरलेला असला तरी चालते, आणि आता ऑपरेशननंतर तीन वर्षं ती घेतली तर पाच वर्षांनी 100 पैकी 88 जिवंत, न घेणाऱ्यांत 78. पण ती गोळी द्यायची की नाही हे त्या तुकड्याच्या तपासणीतूनच कळते. ज्याला आपण भितो त्या सुईतून.

आता तुमचा ठिपका. 9 मिलिमीटरला तीन महिन्यांनी परत सीटी, हा डॉक्टरनं टाळाटाळ म्हणून काढलेला मार्ग नाही, ह्या मापाच्या ठिपक्यासाठी जगभर जे ठरलेले पर्याय आहेत त्यातला तो एक आहे. गाठ वाढली की नाही हे बघायला वेळच लागते. 8 मिलिमीटरची गाठ 10 ची झाली तर आपल्याला वाटते दोनच मिलिमीटर, पण आतला ऐवज जवळपास दुप्पट झालेला असते. जुन्या टीबीचा वण असला तर तो तसाच पडून राहते. तरी दोन गोष्टी डॉक्टरांना नक्की विचारा, ठिपका भरीव आहे की धुरकट, आणि कडा गुळगुळीत आहे की काटेरी, कारण त्यावर थांबायचं की पेट, सुई करायची ते ठरते. मधल्या काळात बेडक्यात रक्त आलं, वजन उतरलं, तर तारखेची वाट बघू नका. तंबाखू, बिडी काही असेल तर आजच बंद.

आणि एक सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हीच लिहिलं की 2021 मध्ये कोरोनात तुमचा छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी, झाला होता. त्याची सीडी कपाटात शोधा, नाही सापडली तर जिथं काढला तिथं जाऊन मागा, त्यांच्या कॉम्प्युटरवर असू शकते. नुसता रिपोर्टचा कागद नको, फोटो पाहिजेत. तेव्हाही तो ठिपका तिथंच आणि तेवढाच होता असं निघालं, तर काका, तुमचं बरंचसं ओझं त्याच दिवशी उतरेल. आणि तेव्हा नव्हता असं निघालं तर तीन महिने पूर्ण व्हायच्या आधी ती सीडी घेऊन डॉक्टरांकडं परत जा. सापडली की इथंच खाली लिहा, मी वाट बघते.