सगळी काच पुसा, पाच मिनिटं लागतात

परवा पहाटे साडेपाचला पंढरपूरला निघालो. भाड्याची गाडी, रात्रभर उघड्यावर उभी. काचेवर दव आणि त्यात आपल्या सोलापूरची धूळ, म्हणजे चिखलच. ड्रायव्हरने सीटखालचा कळकट फडका काढला, स्वतःसमोर ताटाएवढी जागा पुसली आणि चावी फिरवली. मी म्हटलं, "अरे, सगळी पूस ना." तर म्हणाला, "दिसतंय की काका. पुढं वाऱ्यानं सुकतंय."

मी खाली उतरलो. पिशवीतला टॉवेल ओला करून सगळी काच पुसली, मग आरसे, मग मागचे दिवे. त्या चिखलावर तसाच वायपर मारू दिला नाही, त्यातल्या धुळीने काचेवर कायमचे ओरखडे उठतात.

ही सवय मला लेकीने लावली. ती टोरांटोला असते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, इकडे गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हा, मी तिच्याकडे होतो. सकाळी बघतो तर अंगणातली गाडी बर्फाखाली गडप. मदत म्हणून मी बादलीत गरम पाणी घेऊन निघालो, तिने दारातच अडवलं. थंडगार काचेवर गरम पाणी पडलं तर काच तडकते. तिच्याकडे एक लांब दांडी होती, एका टोकाला ब्रश, दुसऱ्या टोकाला खरवडणी. इंजिन सुरू करण्याआधी तिने सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढला. ते तोंड बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो आणि त्याला वासही नसतो. मग टप, बॉनेट, सगळ्या काचा, नंबर प्लेट. दिवे मुद्दाम हाताने पुसले, कारण एलईडी दिवे फारसे तापत नाहीत, त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही.

काचा झाल्यावर मी म्हटलं, "बास की आता, टपावरचा राहू दे." ती म्हणाली, "बाबा, ब्रेक मारला की तो आपल्याच काचेवर घसरतो. आणि हायवेला उडाला तर मागच्याच्या काचेवर जातो. त्याने काय करायचं?"

मागच्याने काय करायचं? हा विचार आपल्याकडे कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ब्रिटनच्या हायवे कोडमधला नियम २२९ हेच सांगतो: काचा, दिवे, नंबर प्लेट साफ हवी आणि दुसऱ्यावर पडेल असा बर्फ काढलेला हवा. आपल्या नियमांतही पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा. हा नियम आपण फक्त काळ्या फिल्मपुरता धरतो. चिखलाच्या थराचं काय?

परवा मोहोळ सोडल्यावर डाव्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. चाक बसलेलं, ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, मागे नुसते दगड लावलेले. समोरून ट्रकचा अप्पर डोळ्यावर. काच स्वच्छ होती म्हणून ड्रायव्हरला ट्रॉली लांबूनच दिसली आणि गाडी वेळेत उजवीकडे निघाली. त्याने न पुसलेली बाजू डावीच होती. पुढे पाचेक मिनिटं आम्ही दोघंही बोललो नाही.

ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायलाच हवेत, त्यासाठी कारखान्यांच्या मागे लागायलाच हवं. पण गाळप हंगाम आत्ता चालू आहे आणि तुम्ही उद्या पहाटे निघणार आहात. आतून काच धुरकटली तर हाताने फासू नका, एसी लावून हवा काचेवर सोडा. आणि मागचे दिवे पुसा. ते तुम्हाला दिसत नाहीत, मागच्याला दिसतात.