पंगतीला बोलावून मारायचं?

आज ऑफिसात जेवताना डोकं सटकलं. शेजारच्या टीममधला एकजण मोबाइल फिरवत होता. फोटोत त्याचा मेहुणा, हातात मारलेला भलामोठा गॉबलर, म्हणजे टर्की या रानपक्ष्याचा नर. आणि हा हसत सांगतोय, "महिनाभर मका टाकून ठेवला होता, पठ्ठ्या रोज त्याच वेळेला हजर!" वर म्हणे, कायदा म्हणजे नुसती सरकारची कटकट. सगळं टेबल हसलं. मी डबा बंद केला.

अरे, पेन्सिल्व्हेनियात मका टाकून टर्की मारणं हा गुन्हा आहे! शेवटचा दाणा उचलल्यानंतरही ३० दिवस त्या जागी शिकार करता येत नाही. मका संपला तरी पाखराची सवय सुटत नाही, ते येतच राहतं, म्हणून. शेतात कापणीला सांडलेलं धान्य चालतं, मुद्दाम ओतलेलं नाही. यात "सरकारची कटकट" कुठून आली?

आमच्या शेजारचे आजोबा मागे एकदा मेच्या सुरुवातीला मला सोबत घेऊन गेले होते. बंदूक त्यांची, मी थर्मास सांभाळायला. अंधारात ओकच्या झाडाला पाठ टेकून बसलो. त्यांनी खिशातून पाटीची गोल चकती काढली, तिच्यावर काडी घासली आणि हुबेहूब मादीचा आवाज! वरच्या उतारावरून गॉबलरनं साद दिली तेव्हा अंगावर काटा आला. जवळ जवळ येत गेला आणि एकदम गप्प. खरं तर मादीनं नराकडे जायचं असतं, आजोबा त्याला उलटं वागायला लावत होते. आला असेल संशय. दुपारी बारापर्यंतच परवानगी. बारा वाजले, आजोबांनी काडतुसं काढली आणि खो-खो हसले.

या माणसाशेजारी तो मेहुणा उभा करा आणि दोघांना शिकारी म्हणून दाखवा मला. पंगतीला बोलवायचं आणि मागून दाराला कडी घालायची, यात कसली आलीय मर्दुमकी? वर बुरशी धरलेल्या मक्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष पाखरांना बाधतं ते वेगळंच.

हे पाखरू जवळपास संपलं होतं, मंडळी. १९३० च्या दशकात अख्ख्या अमेरिकेत दोनेक लाख उरल्या असतील. न्यू जर्सीतल्या एडिसन गावची आपली मंडळी अंगणात टर्की दिसली की रील टाकतात ना, त्या न्यू जर्सीतून तर ती पार नाहीशी झाली होती. १९७७ साली २२ टर्क्या आणून सोडल्या, त्यांची ही पिलावळ.

हो, पकडायला तेव्हाही मकाच टाकायचे. साउथ कॅरोलायनात १९५१ मध्ये मक्यावर जमलेल्या टर्क्यांवर तोफेनं जाळं उडवून त्या धरल्या, मग ती पद्धत सगळीकडे गेली. पण ते दुसऱ्या रानात सोडायला धरत होते ना! आणि १९३७ च्या कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा याच कामाला लागला, म्हणजे शिकाऱ्यांचाच. मान्य. म्हणून तर जास्त चीड येते. आजोबांनी आयुष्यभर काडतुसांवर कर भरायचा, थंडीत झाडाखाली बसायचं, रिकाम्या हातानं परत यायचं, आणि हा कोण टिकोजी पोतं ओतून फोटो काढणार?

"टेक्सासात चालतं की," तो फोटोवाला म्हणाला. बऱ्याच ठिकाणी चालतं, खरंय. मग जा तिकडे.

तुमच्यातले निम्मे म्हणणार, मारणं ते मारणं, मका टाकून काय नि काडी घासून काय. आपल्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आमिष लावण्यालाच शिकार धरलंय. मनातून मलाही तेच बरं वाटतं, माझ्या हातून बंदूक कधी उचलली जायची नाही. पण त्या सकाळी गॉबलरला पळायची वाट होती, आणि त्यानं ती धरली.

तक्रार करावी का, ठरत नाहीये. बायको म्हणते, त्याच माणसासोबत रोज जेवायचंय तुला. उद्या आधी त्यालाच विचारतो, मेहुण्यानं मारला कुठे ते.

आणि कमेंटमध्ये "थँक्सगिव्हिंगला खातोस ना" लिहू नका. खातो. ती फार्मवरची असते.