सेल मोठा म्हणजे उजेड जास्त, हे खरं नाही

टॉर्च घेताना काय पाहावं याबद्दलचा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय: सेल जितका मोठा तितका उजेड जास्त, एमएएचचा (म्हणजे सेलच्या क्षमतेचा) आकडा मोठा तोच सेल चांगला, १४५०० हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल पेन्सिल सेलच्या मापाचा, म्हणून कुठल्याही टॉर्चमध्ये बिनधास्त घाला, आणि १८६५० आता जुना झाला, घ्यायचा तर २१७००च. शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीच्यांनी लोकांचे पैसे वाया जातात, आणि एकाने तर टॉर्चच जळते.

१८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. शेवटचं शून्य सेल गोल असल्याची खूण. २१७०० म्हणजे २१ मिमी आणि ७० मिमी. हे नुसतं माप झालं. नेहमीच्या लिथियम-आयन सेलचं व्होल्टेज सगळ्या मापांत सारखंच असतं: सरासरी ३.६ ते ३.७, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. एलईडीला किती करंट द्यायचा ते टॉर्चमधलं सर्किट ठरवतं. त्यामुळे सेल मोठा असला की उजेड जास्त वेळ टिकतो, वाढतो असं नाही. फार प्रखर टॉर्चला लागणारा करंट छोट्या सेलला झेपत नाही, एवढा अपवाद मान्य. पण छोटी टॉर्च मिनिटा-दोन मिनिटांत मंद होते ती बहुतेक वेळा तापल्यामुळे. मोठ्या टॉर्चला धातू जास्त, म्हणून ती उष्णता पचवते, आणि श्रेय मात्र सेलला मिळतं. झोत किती लांब जाईल हे तर रिफ्लेक्टर आणि एलईडीवर अवलंबून.

शिवाय माप मोठं म्हणून साठा मोठा, हेही दरवेळी खरं नसतं. २६६५० हा २१७००पेक्षा चांगलाच जाडा, तरी बाजारातले बरेचसे २६६५० पाच हजार एमएएचच्या आसपासच असतात, आणि तेवढी क्षमता चांगला २१७००ही देतो. विजेच्या गाड्यांमुळे २१७००वर भरपूर काम झालं, २६६५० मागे राहिला.

आता एमएएच. चांगल्या १८६५०मध्ये साधारण ३५०० एमएएच मावतात, अगदी नव्या मोजक्या सेलमध्ये त्याहून थोडे जास्त. ९९०० लिहिलेला सेल दिसला तर तो खोटा, यात चर्चेला जागाच नाही. असा एक माझ्याकडे आला होता. हातात घेताच हलका वाटला, म्हणून काट्यावर ठेवला: ३१ ग्रॅम. खरा १८६५० ४५ ते ५० ग्रॅम भरतो. क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर लावला तेव्हा जेमतेम ११०० एमएएच निघाले. खऱ्या सेलमध्येही मोठा आकडा म्हणजे सरस असं नसतं. सॅमसंगचा ३०क्यू ३००० एमएएचचा आहे, पण सलग १५ अँपिअर करंट देतो. एलजीचा एमजे१ ३५०० एमएएचचा, पण त्याची मर्यादा १० अँपिअर. प्रखर टॉर्चला पहिला बरा, मंद उजेडात रात्र काढायची तर दुसरा.

मला खरी काळजी आहे ती १४५००ची. तो पेन्सिल सेलच्या जागेत अगदी चपखल बसतो आणि तिथेच माणूस फसतो. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, हा ४.२ व्होल्टचा. दोन सेलच्या टॉर्चमध्ये दोन घातले की तीन व्होल्टच्या जागी ८.४ व्होल्ट जातात. मी एका सेलच्या छोट्या टॉर्चमध्ये घालून पाहिला होता. निळसर पांढरा झगझगीत उजेड पडला, मी खूश होतो तोवर जळका वास आला आणि टॉर्च कायमची गेली. टॉर्चच्या माहितीपत्रकात १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घाला. तीन व्होल्टच्या सीआर१२३ए सेलच्या जागी त्याच मापाचा १६३४० हा लिथियम-आयन सेल घातला तरी गत तीच.

राहिला २१७००. आकारमानाने तो १८६५०च्या जवळपास दीडपट, आणि ऊर्जाही जवळपास तेवढ्याच पटीत जास्त: १२.६ वॅट-तासांच्या जागी १८. म्हणजे जादू काही नाही, जागा वाढली तेवढा साठा वाढला. त्याबदल्यात एकटा सेलच ७० ग्रॅमच्या आसपास जातो आणि टॉर्चचा घेर वाढतो. खिशात रोज बाळगायची टॉर्च असेल तर मी अजूनही १८६५०च घेतो. घरात वीज गेल्यावर लावायला २१७००.

आणि संदेशात नसलेली एक गोष्ट: संरक्षण सर्किट (जास्त चार्ज किंवा शॉर्ट झाल्यास सेल बंद करणारं) असलेला १८६५० ६५ मिमीचा राहत नाही, ६८ ते ७० मिमी भरतो. काही टॉर्चमध्ये तो बसत नाही. झाकण जोर लावून फिरवू नका. सेलचं टोक चेपलं तर आत शॉर्ट होऊ शकतो, आणि लिथियम सेल शॉर्ट झाला तर पेटू शकतो. घेण्याआधी टॉर्चमधल्या जागेची लांबी पट्टीने मोजा आणि सेलची नेमकी लांबी विक्रेत्याला विचारा.