क्लेरिकने फक्त मलमपट्टीच करायची, असा नियम नाही

जळगाव-भुसावळकडच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून पात्रं रंगवायचा टेबलावरचा खेळ) खेळणाऱ्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘क्लेरिकने दर फेरीला जखमा भरायच्या, हल्ला केला तर नियमभंग.’ क्लेरिक म्हणजे देवाचे मंत्र वापरणारं पुजारी पात्र; त्याला असा नियम कुठेच नाही. यापायी नवी पोरं क्लेरिक घ्यायलाच नाही म्हणतात, म्हणून हे लिहितोय.

२०१४ च्या नियमांनुसार हिशोब बघा. पहिल्या पातळीवरचा जखमा भरायचा मंत्र ‘क्युअर वून्ड्स’ एक आठ बाजूंचा फासा अधिक ३ (क्लेरिकच्या क्षमतेची भर) धरला तर सरासरी साडेसात जीवनगुण (हिट पॉइंट्स) परत देतो. ओगर या राक्षसाचा एक सोटा सरासरी १३ गुण घेऊन जातो. म्हणजे तुम्ही भरताय त्यापेक्षा गळती जास्त! त्यापेक्षा ओगर लवकर आडवा करा, किंवा ‘ब्लेस’ मंत्र टाकून तिघांचे हल्ले सुधारा.

सोबतचा गडी शून्य गुणांवर पडला, की मग ‘हीलिंग वर्ड’ हा जखमा भरायचा मंत्र. साठ फुटांवरून चालतो, बोनस ॲक्शनमध्ये (मुख्य कृतीशिवायच्या जादा कृतीत) होतो आणि त्याच फेरीत गदाही हाणता येते. एका गुणावर उठलेला गडीसुद्धा पूर्ण ताकदीने मारतो. २०२४ च्या आवृत्तीत जखमा भरायच्या या दोन्ही मंत्रांचे फासे वाढलेत, त्यामुळे भरणं आता थोडं परवडतं. सक्ती मात्र तेव्हाही नव्हती, आताही नाही.