ऐंशी दिवसांच्या हिशोबाबद्दल

उंची वाढवायला पायाचं हाड कापून हळूहळू ताणायच्या ऑपरेशनवर मी पोस्ट लिहिली होती, त्यावरची तुमची कमेंट ठेवलीय, डिलीट करणार नाही. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की रोज एक मिलीमीटर म्हणजे आठ सेंमीला ऐंशी दिवस, तुमचा मित्र तिसऱ्या महिन्यात चालत होता, आणि "पाच सेंमीच्या वर नको" हे डॉक्टर स्वतःची कातडी वाचवायला सांगतात, मी उगाच पोरांना घाबरवतोय.

रोज एक मिमी बरोबर आहे. इलिझारोव्ह या सोव्हिएत सर्जननं सायबेरियातल्या कुर्गानमध्ये बसवलेली हाड ताणायची पद्धत आजही साधारण तशीच चालते, पाव मिमी, दिवसातून चार वेळा. पण ऐंशी दिवसांत होतं काय तर फट वाढवून होते, बस. हाड कापल्यावर आधी पाच-सात दिवस काही ओढतच नाहीत ते वेगळंच, आणि ताणणं थांबतं तेव्हा त्या फटीत जे असतं ते कच्चं हाड, एक्सरेत नुसतं धुरकट दिसतं. चारपैकी निदान तीन बाजूंना पक्कं कवच धरलेलं दिसेपर्यंत त्या पायावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, आणि ढोबळमानाने सुरुवातीपासून धरलं तर दर सेंमीला महिना ते दीड महिना जातो. म्हणजे तुमचे आठ सेंमी सगळं सुरळीत झालं तरी आठ महिने ते वर्ष. सिगरेट असेल तर अजून लांबतं.

आता पाच सेंमीचं. ही मर्यादा हाडामुळे नाहीच हो! हाड बिचारं ओढाल तसं बरंच भरत जातं, अडतं ते पोटरी आणि नसांपाशी. नडगी ताणायला लागलं की पोटरी त्या वेगाने लांबत नाही. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ओढून बघतात, काटकोनापर्यंत यायला हवं. आज आलं, पुढच्या आठवड्यात थोडं कमी आलं, मग उभं राहिल्यावर टाच जमिनीला टेकतच नाही आणि माणूस चवड्यावर चालायला लागतो. फिजिओ रोज जीव तोडून करूनही हे होऊ शकतं. मग पोटरीला टाचेशी जोडणारा जाड कंडरा (अकिलीस) कापून लांबवायची वेळ येते, आणि त्यानंतर उडी मारायला, धावायला लागणारा जोर बऱ्याचदा पहिल्यासारखा राहत नाही. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या, अंगठा वर उचलताना जड वाटला तर ती नस ओरडतेय, तिथे वेग कमी करायचा किंवा थांबायचं, ठरवलेला आकडा गेला उडत.

मांडीत थोडं जास्त निभतं, सहा-सात वगैरे, पण तिथे गुडघा आखडतो. शिवाय मूळ हाड किती लांब हेही बघावं लागतं, पंधरा-वीस टक्क्यांच्या वर गेलं की त्रास झपाट्याने वाढतो, त्यामुळे आखूड नडगीवाल्याचे पाच सेंमी आणि लांब नडगीवाल्याचे पाच सेंमी एक नव्हेत.

"आता आतला रॉड आलाय, बाहेरची फ्रेमच नाही" हेही लिहिलंय तुम्ही, म्हणजे हाड ताणायला पायाबाहेर पिनांनी बसवलेली फ्रेम नको, हाडाच्या आतच रॉड. मान्य, पिनांच्या जागी होणारं इन्फेक्शन टळतं, झोपही बरी लागते. पण पोटरीला काय फरक पडतो रॉड आत आहे का बाहेर? आणि रॉडचंही सगळं गोड नाही, स्ट्राइड नावाचा रॉड याच कामासाठी खूप गाजला होता कारण त्यावर लवकर पूर्ण वजन देता यायचं, तो 2021 मध्ये बाजारातून परत घेतला, रॉडचे दोन भाग जुळतात त्या जोडापाशी गंज आणि आजूबाजूच्या हाडात बदल दिसले म्हणून.

तुमचा मित्र चालतोय, आनंद आहे. पण चालणं ही खालची पायरी झाली, टाचा टेकवून उकिडवं बसता येतं का ते विचारा त्याला.

आणि करूच नका असं मी मूळ पोस्टमध्येही लिहिलं नव्हतं. ज्याला करायचंय त्याने सर्जनला एकच विचारावं, चार सेंमीला पाऊल काटकोनात येईना तर तुम्ही थांबाल की ठरलेले आठ पूर्ण करणार? जो "बघू, होईल" म्हणतो त्याच्याकडे मी तरी जाणार नाही.